समीक्षेतली वीण आणि हातातली सुई

मराठी समीक्षेला कापडाचे फार वेड आहे. कादंबरी हाती आली की तिचा पोत पाहिला जातो. कथा असेल तर तिची वीण घट्ट की सैल, हे दोन ओळींत ठरते. कवितेत धागेदोरे शोधले जातात, आत्मकथनात आठवणींचा गोफ सापडतो, आणि एखाद्या लेखनात दोष तर दाखवता येत नाही पण ते मनालाही भिडत नाही, अशी पंचाईत झाली की 'ही केवळ कलाकुसर आहे' असे म्हणून समीक्षक मोकळा होतो. हा शेवटचा शब्द विशेष सोयीचा. तो ऐकायला स्तुतीसारखा असतो आणि वापरला जातो निकालासारखा. लेखिकांच्या वाट्याला तो जरा जास्तच आलेला आहे.

वाङ्मयाचे आणि विणकामाचे नाते जुने आहे, यात वाद नाही. 'सूत्र' म्हणजे धागाच, 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी गुंफण्याचा, बांधण्याचा अर्थ आहे, आणि इंग्रजीतला 'टेक्स्ट' हा शब्दही लॅटिनमधल्या विणण्याच्या धातूपासून आला. पण नामदेव शिंपी होते आणि कबीर विणकर. सुई, कात्री, मागाचा खड्डा हे त्यांच्या हातापायांच्या सवयीचे होते, म्हणून त्यांच्या रूपकाला वजन आले. आमच्या समीक्षेने रूपक तेवढे घेतले, सुई घेतली नाही. 'घट्ट वीण' हा गुण मानायचा, पण घोंगडी घट्ट विणली तर ती उबदार होते की नुसती ताठ, हे कधी विचारायचे नाही.

हे सगळे बोलण्याचे निमित्त एका वर्गाचे. बेळगावात दहा दिवसांचा वस्त्रकलेचा वर्ग होता. पहिले चार दिवस लोकरीचे फेल्टिंग, म्हणजे नमदा करणे. पुढचे सहा दिवस धारवाडी कसुतीचा कशिदा. दुपारी तीन ते सहा. मी तिथे गेले ती परिभाषेची खात्री करून घ्यायला. ज्या शब्दांनी आपण गेली पन्नास-साठ वर्षे साहित्य जोखत आलो, ते शब्द मूळ धंद्यात काय करतात, हे एकदा हाताने पाहावे एवढाच हेतू.

नमद्याची कृती सांगते, कारण पुढचे म्हणणे तिच्यावर उभे आहे. बांबूच्या चटईवर पिंजलेल्या लोकरीचा पातळ थर उभा पसरायचा, त्यावर दुसरा आडवा, पुन्हा उभा. वरून साबणाचे कोमट पाणी शिंपडायचे आणि तळहाताने अगदी हलके चोळायला लागायचे. पहिली दहा मिनिटे काहीच होत नाही, नुसता चिखल. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ऊब, ओल आणि साबण यांनी तंतू हलते होतात, घर्षणाने एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. मग चटईची गुंडाळी करून ती लाटायची, उघडायची, दिशा बदलून पुन्हा लाटायची. लोकर आकसत जाते. हातभर पसरलेला थर शेवटी त्याच्या दोन-तृतीयांश उरतो, कधी त्याहूनही कमी, पण जाड आणि चिवट होतो. आणि एकदा झाला की झाला. विणलेले उसवता येते, शिवलेले उकलता येते. नमद्याला परतीची वाट नाही.

या वस्त्रात धागा नाही. ताणा नाही, बाणा नाही, गाठ नाही, टाका नाही. तरीही ते वस्त्र आहे आणि त्यावर माणूस थंडीत निजू शकतो. आपल्या भागाला हे नवेही नाही. घोंगडी सनगर विणतात, पण 'जेन' म्हणून जी न विणलेली जाड लोकरी बैठक असते, ती पिंजारी लोक अशीच दाबून, लाटून करीत आले आहेत. म्हणजे वीण हा वस्त्राचा एकमेव धर्म नाही, हे आपल्या आजूबाजूच्या गावांना ठाऊक होते. समीक्षेला मात्र विणीपलीकडे शब्द सुचला नाही.

याचा तोटा कोणाला झाला, याचे माझ्यापुढचे पहिले उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचे आहे. जी. एं.च्या कथेवर लिहिताना बहुतेकांनी केले काय, तर एक धागा ओढून काढला आणि त्याला 'नियती' हे नाव दिले. 'काजळमाया' (१९७२) घ्या, 'पिंगळावेळ' (१९७७) घ्या, तोच धागा. तो धरून कथा उलगडली, आणि उलगडल्यावर हातात राहिली ती एक तत्त्वज्ञानाची दोरी. ती कोणालाही कुठूनही आणता आली असती. जी. एं.ची कथा मला विणलेली वाटत नाही. ती दाबून झालेली आहे. प्रतिमा, वास, आवाज, एखाद्या भिंतीचा ओलसर रंग, एखाद्या बाईच्या हातातली बांगडी, हे सगळे तंतू आडवे-उभे पसरून त्यांवर इतका वेळ दाब ठेवलेला असतो की पुढे कोणता तंतू कुठून आला ते सांगता येऊ नये. त्यातून एक उपसू गेले तर तो तुटतो, नाहीतर सगळा थर वर येतो. त्यांची रूपककथा लांब असूनही आकसल्यासारखी वाटते, तिच्यात हवा कमी असते, काही वाचकांना तिचा जीव गुदमरवणारा कोंदटपणा सोसत नाही. या सगळ्याचे कारण विणीत शोधून सापडणार नाही. दोष म्हणून दाखवायचे झाले तरी नमद्याचे दोष दाखवावेत: कुठे थर पातळ राहिला, कुठे फाजील चोळून कडक झाला. 'प्रवासी'सारख्या दीर्घकथेत काही ठिकाणी तो कडकपणा मला जाणवतो. पण ती वीण सैल झाल्याची खूण नव्हे.

इथे एका जुन्या सिद्धान्ताचीही परीक्षा होऊन जाते. कॉलिंगवूड यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) या ग्रंथात कला आणि कारागिरी यांच्यात जी रेघ ओढली, ती आपल्याकडे सौंदर्यशास्त्राच्या तासांतून घरोघर पोचली. कारागिराला काय करायचे ते आधीच ठाऊक असते; योजना अगोदर, कृती नंतर; कलावंताला मात्र करता करताच कळते. रेघ सुबक आहे. फक्त ती ओढताना कारागिराला कोणी विचारले नव्हते असे दिसते. नमदा किती आकसेल हे नक्की सांगता येत नाही. लोकर कोणत्या मेंढीची, कोणत्या कातरणीची, पाणी किती गरम, हात कोणाचा, यावर ते ठरते. आमच्या वर्गातल्या वीस जणींनी एकाच मापाने सुरुवात केली आणि वीस मापांचे तुकडे निघाले. दोघींनी मनात धरलेली पिशवी सोडून बैठकच केली, कारण लोकरीने तसे ठरवले. कॉलिंगवूडने जे कलेचे लक्षण म्हणून सांगितले ते इथे साबणाच्या पाण्यात हात बुडवून बसलेल्या बायकांना दुसऱ्याच दिवशी भेटत होते. त्याची रेघ कारखान्यातल्या मालाला लागू पडेल. तेवढ्यापुरती ती ठेवावी.

आता कसुतीकडे. कसुती हे नाव कानडी 'कै' म्हणजे हात आणि सूत यांवरून आले असे सांगतात. इरकली साडी आणि गुळेदगुड्डचा खण ज्या मुलखात होतात, त्याच मुलखातला हा कशिदा. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, राघू, तुळशीवृंदावन, शंख, कमळ ही त्याची आवडती चित्रे. धारवाडकडे लग्नात मुलीला कसुतीने भरलेली काळी रेशमी साडी देत, तिला 'चंद्रकळी' म्हणत. आपल्या संक्रांतीच्या चंद्रकळेची ती सख्खी बहीणच. टाके चार. गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी. नेयगी म्हणजे विणल्यासारखा, मेंथी म्हणजे मेथीसारखा फुलीचा. गवंतीचे नाव कानडी गाठीवरून आले म्हणतात, आणि गंमत अशी की कसुतीत गाठच मारायची नसते. भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला असल्या गमतींची सवय असते. हा कशिदा कानडी की मराठी, असाही प्रश्न वर्गात एकीने विचारला. शिकवणाऱ्या अक्का धारवाडच्या. त्यांनी उत्तर दिले नाही, तिच्या अंगावरची इरकली बोटाने दाखवली आणि कामाला लागल्या.

कसुतीत कापडावर नक्षी छापून घेत नाहीत, रेघ ओढत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गवंतीची चाल अशी: जाताना एक टाका वर, एक खाली, एक वर, एक खाली. म्हणजे जातानाची रेघ तुटक. सगळी नक्षी, तिच्या फांद्या-उपफांद्यांसकट, अशी तुटक फिरून यायची, आणि मग त्याच वाटेने परत यायचे. येताना मोकळ्या जागा भरत जातात. परतल्यावर रेघ पूर्ण होते आणि पुढून जशी दिसते तशीच मागून दिसते. मुरगीचेही तसेच. सुरुवातीचा दोरा टाक्यांखाली दडवायचा, शेवटचाही. कुठे एक धागा मोजायचा चुकला तर जाताना काही कळत नाही. कळते ते येताना, दोन टोके जुळत नाहीत तेव्हा. मग उसवण्याखेरीज गती नसते.

अक्का नमुना हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करीत. पुढून बघतच नसत. एक मुलगी सुलटी बाजू कौतुकाने पुढे करायला लागली तर म्हणाल्या, "म्होरनं कोणपण करतंय की हो. पाठ दाखवा." साहित्यसमीक्षेची याहून नेमकी कसोटी मी अलीकडे कोणत्या परिसंवादात ऐकलेली नाही.

ही कसोटी लावावी ती आपल्या गावच्या इंदिरा संतांच्या कवितेला. तिच्याविषयी बोलताना 'तरल', 'नाजूक', 'हळुवार' ही तीन विशेषणे मराठीत इतकी घासली गेली आहेत की त्यांच्याखाली कविता दिसेनाशी व्हावी. विशेषणे खोटी नाहीत. पण ती सगळी पुढच्या बाजूची आहेत. संग्रहांची नावेच पाहा: 'शेला' (१९५१) आणि 'गर्भरेशीम' (१९८२). पहिले नाव अंगावरच्या वस्त्राचे आहे. दुसऱ्यात रेशीम आहे ते गर्भात, वर दिसेलच असे नाही. तीस वर्षांत ही कविता कोणत्या दिशेने गेली, ते या दोन नावांतच आहे.

इंदिराबाईंची छोटी कविता गवंतीच्या चालीने जाते. पहिल्या वाचनात एक तुटक रेघ मिळते: पाऊस, संध्याकाळ, एखादे फूल, दारातली वाट. मधल्या जागा रिकाम्या असतात आणि वाचकाला वाटते, हेच ते निसर्गचित्र, छान आहे, नाजूक आहे. मग शेवटच्या ओळींत काहीतरी होते, आवाज न करता, आणि आपण मागे वळतो. त्याच शब्दांवरून परत येताना मोकळ्या जागा भरू लागतात. पाऊस तोच असतो पण आता तो कोणाच्या तरी नसण्यावर पडत असतो. दुःख हे त्या कवितेत जातानाच्या वाटेवर नाही, येतानाच्या वाटेवर आहे. म्हणून घाईने वाचणाऱ्याला ती गोड वाटते. या चालीला शिस्त फार लागते. एक शब्द जास्त झाला तर परतीची वाट अडते, एक कमी पडला तर टोक जुळत नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे सांगितली. त्यांची परिभाषा इथे चालेल, पण परतीच्या वाटेसाठी त्यांच्याकडेही वेगळा शब्द नाही.

आणि गाठ नाही. म्हणजे दुःखाचे कारण सांगून टाकणारी, दोरा निसटू नये म्हणून मागे मारलेली ठळक गाठ या कवितेत नसते. ही गाठ समीक्षेने मारली. नारायण संत १९४६ साली गेले, हे सत्य आहे, आणि त्या मृत्यूची सावली कवितेवर आहे हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक कविता उचलायची आणि त्या एका तारखेला बांधायची, हा जो प्रकार आपल्या अभ्यासक्रमांतून आणि प्रस्तावनांतून चालत आला, त्याने कवितेच्या पाठीला एक ढेकूळ आणले. कवयित्रीने जे जपून जपून दडवले होते ते मास्तरांनी खडूने फळ्यावर लिहिले. त्यामुळे विद्यार्थ्यांना कविता सोपी झाली, आणि चाळीस वर्षे हीच कवयित्री भाषेवर काय काम करीत होती हा प्रश्न मागे पडला. पुरुष कवीच्या बाबतीत 'व्यक्तिगत दुःखाचे साधारणीकरण' वगैरे मोठे शब्द येतात. बाईच्या बाबतीत दुःख व्यक्तिगतच ठेवले जाते आणि उरलेल्याला कलाकुसर म्हटले जाते.

या ओघात गोधडीच्या कवितेबद्दल एक शब्द. दिवाळी अंकांतून दरवर्षी गोधडी येते, तिच्यात आईचे लुगडे येते, ऊब येते, डोळे भरतात. येत नाही तो धावदोरा. कोणत्या टोकापासून सुरुवात केली, ठिगळ ठिगळावर का चढवले, हे कवीने कधी पाहिलेले नसते. आपल्याच खानापूर आणि पलीकडच्या हल्याळ भागातल्या सिद्दी बायका जी 'कवंदी' शिवतात ती कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत आत, मधोमध येऊन संपते. एवढी एक गोष्ट ठाऊक असती तरी गोधडीवरच्या निम्म्या कवितांची रचना बदलली असती. ऊब ही शिवणीचा परिणाम आहे, विषय नव्हे.

आता वर्गाबद्दल दोन कडू शब्द बोलले पाहिजेत, कारण हस्तकलेचे नुसते गोडवे गाणे हाही तिला बाजूला ठेवण्याचाच एक मार्ग आहे. नमद्यासाठी दिलेली लोकर परदेशी मेरिनोची होती, रंगीत, मऊ, पुड्यांत बांधलेली. कारण विचारले तर "ती लगेच धरते" असे उत्तर मिळाले. ते खरे आहे. मेरिनोचा तंतू बारीक, दख्खनी मेंढीचा जाड आणि राठ. पण ज्या जिल्ह्यात धनगर आणि कुरुबांचे कळप आजही माळावरून फिरतात, जिथे कातरलेली लोकर घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणून ती बांधावर पडून राहते, तिथल्या वर्गात तिचे नावही निघू नये? एका मेंढपाळाकडून थोडी जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिली कातरण, मी आणून पाहिली. मेरिनो तासाभरात झाली. हिला दोन संध्याकाळी लागल्या आणि तळहात सोलले. झाला तो तुकडा करडा-काळा, खरखरीत, आणि त्याला मेंढीचा वास आहे. मला तो मेरिनोच्या निळ्या-गुलाबी तुकड्यांपेक्षा खरा वाटतो, पण 'खरा' म्हटल्याने तो चांगला होत नाही, हेही लिहून ठेवते. त्याच्या दोन कडा पातळ आहेत. देशी आहे एवढ्यावर कडा भरून येत नाहीत. आपल्या साहित्यातल्या देशीपणाच्या वादात ही कडांची गोष्ट फारदा विसरली गेली.

कसुतीच्या सहा दिवसांतही घाई होती. धागे मोजायला वेळ नको म्हणून भोकांचे जाड मॅटीचे कापड दिले गेले आणि छापील आलेखाच्या प्रती वाटल्या. आलेखावरून काम लवकर होते, सगळ्यांचे सारखे होते. वीसपैकी सतराजणींचे मोर तंतोतंत एकसारखे आले. उरलेल्या तिघींत एक वयस्कर बाई होत्या, अनगोळच्या. त्यांनी हट्टाने जुन्या इरकलीच्या तुकड्यावर धागे मोजून काम केले. पिसारा भरता भरता कापड संपत आले, तेव्हा त्यांनी तो वळवून मोराच्या डोक्यावरून घेतला. आलेखात तसा मोर नाही. छंदात लिहिणाऱ्या कवीला चरण संपत आल्यावर जो शब्द सुचतो, तो असाच सुचत असावा. त्या मोराला नीटनेटकेपणाचे गुण कमी पडले असते, कारण डाव्या पायाशी एक टाका तिरपा होता. पण सतरा सारख्या मोरांमधून तो दुरून ओळखू येत होता. निव्वळ कलाकुसर म्हणायचीच असेल तर त्या सतरांना म्हणावी. चुका त्यांत नव्हत्या, निर्णयही नव्हता.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन होते. सगळे नमुने पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावले होते. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा कशिदा आणि त्याची एक बाजू डिंकात. खाली चिठ्ठ्या होत्या: टाक्याचे नाव, कापडाचे नाव, काहींवर किंमत. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे ही माहितीही एका फलकावर ठळक लिहिली होती. करणारीचे नाव एकाही चिठ्ठीवर नव्हते. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी भाषणात 'आपल्या माताभगिनींची ही नाजूक कलाकुसर' असे शब्द दोनदा वापरले आणि टाळ्या झाल्या. अनगोळच्या बाईंनी आपला मोर चौकटीसाठी दिलाच नव्हता. भाषण चालू असताना त्या मागच्या रांगेत बसून, तो मांडीवर उलटा घेऊन, पायाचा तिरपा टाका उसवत होत्या.